आर्थिक आकडे आणि शेअर बाजाराचा कल : वाचन कसे करावे

शेअर बाजाराचा कल ओळखण्यासाठी आर्थिक आकडे पाहावेत असे सगळेच सांगतात, परंतु ते कशाच्या तुलनेत पाहावेत हे क्वचितच सांगितले जाते. आकडा जाहीर होण्यापूर्वी विश्लेषकांचे अंदाज प्रसिद्ध झालेले असतात आणि गुंतवणूकदारांनी त्यानुसार बरीच खरेदी-विक्री उरकलेली असते. त्यामुळे जाहीर होण्याच्या दिवशी भाव हलतात ते मुख्यतः अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातील तफावतीमुळे. म्हणून सुरुवात एका तक्त्याने करावी आणि त्यात प्रत्येक निर्देशकासाठी (म्हणजे अर्थव्यवस्थेची स्थिती दाखवणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी) मागील आकडा, अंदाज, प्रत्यक्ष आकडा आणि नंतरची दुरुस्ती असे चार रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना गाळण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत प्रत्येक तिमाहीच्या जीडीपीचे (एकूण देशांतर्गत उत्पादनाचे) साधारण महिन्याच्या अंतराने तीन अंदाज प्रसिद्ध होतात, आणि पहिल्या अंदाजावर उभे केलेले निष्कर्ष तिसऱ्यात कोसळू शकतात.

यानंतर प्रत्येक निर्देशक काळाच्या कोणत्या टप्प्यावर बोलतो हे ठरवावे. कंपन्यांकडे येणाऱ्या नव्या मागण्या, बांधकाम परवाने आणि रोख्यांचे व्याजदर पुढची चाहूल देतात, तर बेरोजगारीचा दर मागून येतो. माझ्या मते नवख्या गुंतवणूकदाराचे सर्वाधिक नुकसान हा भेद न पाळल्याने होते. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाने मार्च २००९ मध्ये तळ गाठला, पण अमेरिकेतील बेरोजगारी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर पोहोचली. २०२० मध्येही हेच घडले : फेब्रुवारीच्या उच्चांकापासून सुमारे ३४ टक्के घसरलेला हा निर्देशांक २३ मार्चनंतर सावरू लागला, आणि बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेल्याचे त्यानंतर कळले. रोजगार सुधारल्यावरच खरेदी करू म्हणणाऱ्याच्या हातून दोन्ही वेळा तेजीचा मोठा भाग निसटला.

चाहूल देणाऱ्या निर्देशकांत पीएमआय, म्हणजे खरेदी व्यवस्थापक निर्देशांक, लवकर हाती येतो आणि त्याची रचनाही सोपी आहे. कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना परिस्थिती मागील महिन्यापेक्षा सुधारली, तशीच राहिली की बिघडली, असे विचारले जाते. ‘सुधारली’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीत ‘तशीच’ म्हणणाऱ्यांची निम्मी टक्केवारी मिळवली जाते. ४० टक्के सुधारली आणि ३० टक्के तशीच म्हणत असतील, तर उत्तर ५५ येते. ५० च्या वर वाढ आणि खाली घट. येथे पातळीबरोबर दिशाही वाचावी लागते, कारण ५८ वरून ५३ वर आलेला आकडा वाढ दाखवत असला तरी तिचा वेग मंदावल्याचे सांगतो, तर ४४ वरून ४८ म्हणजे घट अजून सुरू असूनही ती ओसरत आहे. बाजार अनेकदा दुसऱ्या परिस्थितीचे स्वागत अधिक उत्साहाने करतो.

महागाई आणि व्याजदर यांना मात्र सर्वाधिक वेळ द्यावा. महागाईचा दर बहुधा मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, म्हणून पायाभूत महिना पाहिल्याशिवाय तो वाचू नये. किंमत निर्देशांक १०० वरून ११० झाला आणि पुढचे वर्षभर ११० वरच राहिला, तर महागाईचा दर १० टक्क्यांवरून शून्यावर येतो, पण वस्तू महागच राहतात. या दराची तुलना मध्यवर्ती बँकेच्या उद्दिष्टाशी करावी. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचे उद्दिष्ट २ टक्के आहे. महागाई त्याहून बरीच वर राहिली की व्याजदर वाढतात, आणि भविष्यातील नफ्याचे आजचे मूल्य घटते. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० च्या रकमेचे आजचे मूल्य ४ टक्के दराने सुमारे ६८ भरते, ८ टक्के दराने केवळ ४६. ज्या कंपन्यांचा नफा दूरच्या भविष्यात आहे, त्यांना हा फटका अधिक बसतो. २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हने धोरण दराची (ती ठरवत असलेल्या मूळ व्याजदराच्या पट्ट्याची) वरची मर्यादा ०.२५ वरून ४.५० टक्क्यांवर नेली. त्या वर्षी एस अँड पी ५०० सुमारे १९ टक्के पडला, तर तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक कंपोझिट सुमारे ३३ टक्के. रोजगाराच्या उत्तम बातमीवर बाजार कधी कधी का पडतो, याचे उत्तरही येथेच आहे : चांगला रोजगार म्हणजे व्याजकपात लांबण्याची शक्यता.

कोणताही संकेत एकट्याने पुरेसा नसतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील परतावा दोन वर्षांच्या रोख्यांपेक्षा कमी होणे ही आर्थिक मंदीची खूण मानली जाते, आणि अमेरिकेत २००१ व २००८ च्या मंदीपूर्वी ती दिसलीही होती. २०२२ च्या मध्यानंतर मात्र ही स्थिती सुमारे दोन वर्षे टिकली आणि त्या काळात मंदी आली नाही.

म्हणून शेवटी भावांकडे वळावे. निर्देशांक २०० दिवसांच्या चल सरासरीच्या (म्हणजे मागील २०० दिवसांच्या बंद भावांच्या रोज बदलणाऱ्या सरासरीच्या) वर आहे का, आणि चढणाऱ्या शेअरांची संख्या पडणाऱ्यांपेक्षा जास्त आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहणे पुरेसे आहे. मोजकेच मोठे शेअर निर्देशांकाला वर ओढत असतील, तर ती तेजी व्यापक नसते. आकडे आणि भाव परस्परविरोधी सांगू लागले, तर घाईने एका बाजूला झुकू नये. नवी रक्कम गुंतवण्याचा वेग कमी करावा आणि त्याच निर्देशकाचे पुढील दोन-तीन महिन्यांचे आकडे, दुरुस्त्यांसह, तक्त्यात येईपर्यंत थांबावे.