सोळा पाकिटं आणि पी-व्हॅल्यूचा खरा अर्थ

पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकून हिंजवडी-खराडीला डेटा ॲनालिस्टच्या मुलाखतीला जाणार असाल, तर पी-व्हॅल्यू म्हणजे काय, हे साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. 'नल हायपोथेसिस खरं असण्याची शक्यता' हे उत्तर सर्रास दिलं जातं आणि ते चूक आहे. नल, म्हणजे 'काही फरक नाही' हे गृहीतक, खरं आहे असं धरूनच तर पी काढतात. मग तोच आकडा नल खरं आहे की नाही याची शक्यता कशी सांगेल?

समजा, भाकरवडीच्या पाकिटावर २५० ग्रॅम छापलंय. नल हायपोथेसिस: सरासरी वजन २५०. पर्यायी: सरासरी २५० नाही. लेव्हल, म्हणजे पी ज्याच्या खाली आला तर नल फेटाळायचं ती मर्यादा, ५ टक्के. एवढं काटा सुरू करायच्या आधी वहीत लिहून ठेवा.

आता १६ पाकिटं तोलली. सरासरी २४७.६ ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत ते) ४ ग्रॅम. ४ ला १६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ४ ने भागलं की स्टँडर्ड एरर (नमुन्याची सरासरी योगायोगाने साधारण किती हलते ते) १ ग्रॅम. तूट २.४ ग्रॅमची, तिला स्टँडर्ड एररने भागलं की टी = -२.४. डिग्रीज ऑफ फ्रीडम (पाकिटांच्या संख्येतून एक वजा) १५. टी-टेबलात टू-टेल्ड, म्हणजे दोन्ही बाजूंचा फरक धरणारी, सीमा २.१३१ आहे, आपला टी तिच्या पलीकडे गेला, नल फेटाळलं. पी साधारण ०.०३. म्हणजे सरासरी खरोखर २५० असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही बाजूला, शंभरात सुमारे तीन वेळाच दिसला असता. लेव्हल १ टक्का ठरवली असती तर सीमा २.९४७, मग हाच डेटा पुरला नसता.

सीमा नॉर्मल डिस्ट्रिब्युशनची १.९६ का नाही? कारण डेव्हिएशनही याच १६ पाकिटांवरून काढलंय, त्याचाही भरवसा कमी. लहान नमुन्यांची ही अडचण गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली. ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होते.

खरी गफलत बहुधा गणिताच्या आधीच होते. काट्यावर रिकामं पाकीट ठेवून टेअर केलं नाही, म्हणजे काटा शून्यावर आणला नाही, आणि पाकीट ३ ग्रॅमचं असलं, तर सरासरी २५०.६ येईल, टी ०.६ होईल आणि सगळं आलबेल दिसेल. चाचणी फक्त योगायोगाचा हिशेब करते, काट्याची चूक तिला दिसत नाही. सोळाही पाकिटं एकाच क्रेटमधून उचलली तरी तेच. ती एकमेकांसारखीच असणार, आणि स्टँडर्ड एरर खोटा लहान निघणार. वेगवेगळ्या शिफ्टमधून, चिठ्ठ्या टाकून निवडा.

दुसरी गफलत म्हणजे डेटा बघून वन-टेल्डकडे, म्हणजे एकाच बाजूचा फरक बघणाऱ्या चाचणीकडे, वळणं. टी -१.९ आला असता तर टू-टेल्डमध्ये काही हाती लागलं नसतं, पण वन-टेल्डची सीमा १.७५३ असल्याने नल फेटाळलं जातं. ही चलाखी नाही, फसवणूक आहे. वीस वेगळ्या गोष्टी तपासून एखादी 'सिग्निफिकंट' निघाली म्हणून नाचणंही त्यातलंच: वीसही नल खरी आणि चाचण्या स्वतंत्र असल्या, तरी निदान एक चुकून फेटाळलं जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

नल फेटाळता आलं नाही म्हणजे ते सिद्ध झालं, असंही नाही. नमुना लहान असला की खरा फरकही निसटतो. ती टाइप टू चूक. नसलेला फरक दिसणं ही टाइप वन.

रिपोर्टमध्ये नुसता पी लिहून थांबू नका. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी कुठे असू शकते याचा पट्टा, द्या: इथे २४५.५ ते २४९.७ ग्रॅम. म्हणजे सरासरी तूट ०.३ ग्रॅमची असू शकते, तशीच ४.५ ग्रॅमचीही. फिलिंग मशीनचं सेटिंग किती वाढवायचं, हे प्रॉडक्शनवाल्याला या पट्ट्यावरून ठरवता येतं, ०.०३ वरून नाही.