तोरिनोचा इतिहास लिहिताना: हिशेब आणि नावं

तोरिनो हा इटलीतल्या तुरीन शहराचा फुटबॉल क्लब. शहर मराठीत 'तुरीन' म्हणून ओळखीचं आहे, तेच ठेवा. क्लबचं नाव मात्र 'तोरिनो' लिहा. इतालियन 't' चा उच्चार 'त' होतो, 'ci' चा 'ची', आणि नावांतला 'z' बहुतेकदा 'त्स'. म्हणून खेळाडूंची नावं मात्सोला, पुलीची, ग्रात्सियानी.

आधी इतालियन लीगची विजेतेपदं मोजा. सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. हंगाम सात: १९२७-२८, १९४२-४३, १९४५-४६ पासून १९४८-४९ पर्यंतचे चार, आणि १९७५-७६. कुठे आठ दिसले, तर त्यात १९२६-२७ धरलेला असणार. तेही विजेतेपद संघाने मैदानावर मिळवलं होतं. पण तुरीनच्याच युव्हेंतुस क्लबचा बचावपटू लुइजी अल्लेमांदी याला लाच दिल्याच्या प्रकरणात इतालियन फुटबॉल महासंघाने ते काढून घेतलं आणि दुसऱ्या कुणालाही दिलं नाही. बेरजेत धरू नका, पण उल्लेख टाळूही नका.

'सलग पाच' (१९४२-४३ ते १९४८-४९) लिहिताना मधली दोन वर्षं युद्धात गेली हे सांगायला हवं. १९४४ची युद्धकालीन स्पर्धा तर ला स्पेत्सियाच्या अग्निशमन दलाच्या संघाने तोरिनोलाच हरवून जिंकली.

आता सुपेर्गा, म्हणजे तुरीनजवळच्या टेकडीवरचा विमान अपघात. ४ मे १९४९. लिस्बनच्या बेनफिका क्लबचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा याच्या सन्मानार्थ झालेला सामना खेळून लिस्बनहून परतणारं फियाट जी-२१२ विमान टेकडीवरच्या बॅसिलिकाच्या (मोठ्या चर्चच्या) मागच्या भिंतीवर आदळलं. मृत ३१. हा आकडा पुढच्या बेरजेने पडताळा: १८ खेळाडू, ३ प्रशिक्षण विभागातले, ३ पदाधिकारी व आयोजक, ३ पत्रकार, ४ विमान कर्मचारी. खेळाडू नुसत्या आडनावांनी लिहिलेत तर १७च भरतात, कारण बाल्लारिन दोघे सख्खे भाऊ होते. पूर्ण यादी अशी: बाचिगालुपो, आल्दो बाल्लारिन, दिनो बाल्लारिन, बोंजोर्नी, कास्तिल्यानो, फादिनी, गाबेत्तो, ग्रावा, ग्रेझार, लोइक, मारोझो, मार्तेल्ली, मात्सोला, मेंती, ओपेर्तो, ओस्सोला, रिगामोंती, शुबर्ट.

उरलेले चार सामने क्लबच्या युवा संघाने खेळले. प्रतिस्पर्ध्यांनीही आपापली पोरंच उतरवली. चारही तोरिनोने जिंकले. ही गोष्ट १९४८-४९च्या विजेतेपदाशेजारीच लिहा, नाहीतर ते विजेतेपद सहानुभूतीपोटी मिळालं असा समज होतो. अपघातापूर्वी संघ चार गुणांनी पुढे होता.

एर्नो एर्बस्टाइनला एका ओळीत उरकू नका. हा हंगेरियन ज्यू प्रशिक्षक वंशभेदी कायद्यांमुळे इटली सोडून गेला, बुडापेस्टमधल्या श्रमछावणीतून निसटला, युद्धानंतर तोरिनोत परतला आणि त्याच विमानात गेला. अध्यक्ष फेरुच्चो नोवोने पैसा उभा केला, पण तो संघ घडला त्यात एर्बस्टाइनचा वाटा फार मोठा आहे.

पुढचा काळ थोडक्यात चालेल, पण तीन नोंदी हव्यातच. १५ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या २४व्या वर्षी, रस्ता ओलांडताना गाडीखाली गेलेला तोरिनोचा खेळाडू जिजी मेरोनी. १९७६च्या विजेत्या संघात २१ गोल करणारा पाओलो पुलीची. आणि १९९२चा युएफा कप: अंतिम फेरीत डच क्लब आयॅक्सशी २-२ आणि ०-० अशा दोन बरोबरी, पराभव केवळ परक्या मैदानावरच्या गोलांमुळे (एकूण गोल सारखे असले, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ जिंके). 'अंतिम सामना हरले' एवढंच लिहिलंत तर ते अर्धसत्य ठरेल.