दोन तास मोकळे आहेत, कुणाला हवेत? व्हॉलंटियर जुळवणारं वेब ॲप असं बनवा

आमची आत्या दांडिया बाजारात राहते, रिटायर्ड शिक्षिका, तिला कुणासाठी तरी काहीतरी करायचंय पण दुपारी दोन ते चारच, कारण त्याआधी काकांचं जेवण-औषध आणि चारला नातू शाळेतून येतो. तिने दोन ठिकाणी फोन केला तर दोन्हीकडे उत्तर एकच, "रविवारी सकाळी सातला या." बडोद्यात असे दोन तासवाले लोक गल्लोगल्ली सापडतील. ॲप यांच्यासाठी बनवायचं, दर रविवारी हजर राहणाऱ्याला ॲप लागतच नाही, तो आपला आपण पोचतो.

आधी कोडला हात लावू नका. एकच प्रकारचं काम निवडा, मी तर म्हणेन लेखनिक. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा पेपर लिहायला माणूस हवा असतो, तारीख ठरलेली, जागा ठरलेली, तीन तास आणि वर थोडा जास्तीचा वेळ; आत्याच्या दोन तासांत हे बसणार नाही, पण सगळं ठरलेलं असल्याने सुरुवातीला सोपं. गूगल फॉर्म आणि शीट घ्या आणि महिनाभर हातानेच जोड्या लावा, फोन करून. कंटाळा येईल पण यातच खरे नियम कळतात. उदाहरणार्थ विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर २०१८ च्या केंद्रीय नियमावलीप्रमाणे लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी खाली लागायचं, म्हणजे बी.ए.च्या पेपरला आमची एम.ए. आत्या चालली नसती, बारावी झालेला पोरगा चालला असता. असे नियम आधी माहीत नसतील तर तुमचं ॲप मोठ्या उत्साहाने चुकीचा माणूस पाठवेल. आणि परीक्षा घेणारी संस्था काय मागते ते दरवेळी विचारूनच घ्या, नियम बदलत असतात.

मग डेटाबेस. माहिती साठवायला पोस्टग्रेस घ्या, वर वेब ॲपचा तयार सांगाडा म्हणून जँगो किंवा लॅरावेल, जे येत असेल ते, यावर वाद घालत बसू नका. टेबलं चार पुरतात: माणूस, काम, मोकळा वेळ, होकार.

सगळी मेहनत मोकळ्या वेळाच्या टेबलात घाला. बहुतेक जण "सकाळ, दुपार, संध्याकाळ" असे तीन चौकोन देऊन मोकळे होतात, पण आत्याची दुपार दोनला सुरू होते आणि कॉलेजच्या पोराची साडेबाराला. म्हणून वार, कधीपासून, कधीपर्यंत असंच लिहून घ्या आणि वेगळी सुट्टीची यादी ठेवा, नाहीतर नवरात्रात नऊ दिवस संध्याकाळी सगळे मोकळे दिसतील आणि प्रत्यक्षात अख्खं गाव गरब्यात. उत्तरायणाचे म्हणजे पतंगांचे दोन दिवस पण तसेच, सगळे गच्चीवर.

जुळतंय का हे काढायला फार गणित लागत नाही. समजा पुढे दुसरी कामंही घेतली आणि एका आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचंय, ४५ मिनिटं, एक ते पाचमध्ये कधीही. आत्या दोन ते चार मोकळी. दोन्हींपैकी उशिराची सुरुवात घ्या (दोन) आणि लवकरचा शेवट घ्या (चार), मधले १२० मिनिटं. त्यातून जाण्यायेण्याची ४० काढा, उरले ८०, म्हणजे जमतंय. लेखनिकासारख्या ठरलेल्या वेळेच्या कामाला मात्र जायच्या-यायच्या वेळेसकट अख्खं काम माणसाच्या मोकळ्या वेळात बसलं पाहिजे, अर्धवट जुळून उपयोग नाही.

अंतरासाठी पत्ता टाइप करायला लावू नका, एकच दांडिया बाजार लोक पाच तऱ्हेने लिहितात, नकाशावर पिन टोचू द्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर आणि बडोद्याच्या आसपास रेखांशाचा एक अंश साधारण १०३, गावातल्या गावात एवढ्यावर भागतं. पण सरळ रेषेवर फार विश्वास नको. सयाजीगंज आणि अलकापुरी नकाशावर शेजारी, मध्ये रेल्वे, आणि पावसात अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) पाण्याने भरलं की जेतलपूर ब्रिजकडून वळसा! मी तर रेल्वेचा इकडचा आणि तिकडचा असे दोन भाग करून पलीकडच्या कामाला सरळ वीस मिनिटं जास्त धरली, ओबडधोबड आहे पण चालतं.

क्रम असा ठेवा की आधी चाळणी (शिक्षण, भाषा, वेळ) आणि जे उरतील त्यांनाच मार्क, जवळचा असेल त्याला जास्त, गेल्या आठवड्यात येऊन गेलाय त्याला कमी, नाहीतर तेच तीन लोक दमवले जातात. यादी बघून शेवटचा निर्णय माणसाने घ्यावा.

एकाच जागेला दोघांनी एकाच क्षणी "येतो" दाबलं तर? "जागा शिल्लक असेल तरच एक कमी कर" हे डेटाबेसला एकाच आदेशात सांगा, आधी बघून मग कमी करायला गेलात की दोघं दारात उभे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच झालं, एका घरी तीन डबे पोचले आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकही नाही.

फोन नंबर दोन्हीकडून होकार आल्यावरच दाखवा. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती आहे, तेव्हा सुरुवातीला अठरावरचेच घ्या. एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर आधी डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी) करावी लागते, त्यात वेळ जातो, तोपर्यंत ईमेलवर चालवा. स्क्रीन गुजराती, मराठी, हिंदी तिन्हीत.

आणि "जमत नाही" हे बटण "येतो"एवढंच मोठं ठेवा. आपल्याकडे लोक नाही म्हणायला लाजतात, मग फोनच उचलत नाहीत आणि तिकडे परीक्षेचा हॉल उघडलेला असतो. बटण दाबल्यावर कारण विचारू नका, लगेच यादीतल्या पुढच्या तिघांना मेसेज जाऊ द्या, आणि कामाला चोवीस तासांहून कमी उरले असतील तर मेसेजच्या भरवशावर न राहता कोऑर्डिनेटरच्या फोनवर घंटी वाजली पाहिजे.