खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली) माती औषधाच्या टेस्टला पाठवताय? मग हे बघून घ्या

आधी एक गैरसमज काढून टाकू. सॉइल हेल्थ कार्डात पीएच, नत्र, स्फुरद, पालाश, झिंक, बोरॉन सगळं येतं, पण फवारलेल्या औषधाचा अंश मातीत किती उरलाय ते त्यात नसतंच. त्याची रेसिड्यू टेस्ट वेगळी, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधे करायची, आणि ती स्वस्त नसते, म्हणून नमुना नीट काढा.

पहिला फोन लॅबला. काय शोधायचं ते आपणच सांगावं लागतं, तेव्हा खोपटातले जुने डबे, दुकानाची बिलं बघून यादी करा. ग्लायफोसेट (तणनाशक) मारलं असेल तर मुद्दाम सांगा, नेहमीच्या मल्टी-रेसिड्यू (एकदम अनेक औषधं शोधणाऱ्या) टेस्टमधे ते सापडत नाही. काजूला पूर्वी एंडोसल्फान मारायचे (सुप्रीम कोर्टाने २०११ साली बंद केलं), तसं असेल तर एंडोसल्फान सल्फेटपण शोधायला सांगा, मातीत त्याचं तेच होतं आणि मूळ औषधापेक्षा जास्त टिकतं.

खाजन, खेर आणि मोरड (उंचावरची जमीन) यांची माती एकत्र करू नका. खेरची रेताड जमीन काही धरून ठेवत नाही, पाण्यात विरघळणारं औषध पावसाबरोबर खाली उतरतं, म्हणून तिथे विहिरीचं पाणीपण तपासा. खाजनात उलटं, डीडीटीसारखं जुनं औषध चिकट मातीला आणि कुजलेल्या पाल्याला धरून बसतं आणि गाळाबरोबर वाहतं, म्हणून मानशीजवळच्या (खाडीचं पाणी आतबाहेर सोडायच्या दाराजवळच्या) गाळाचा नमुना वेगळा घ्या. बांधाला लागून, खताच्या खड्ड्याजवळ किंवा पंप धुतो त्या जागी घेऊ नका, मात्र तीच जागा तपासायची असेल तर वेगळा नमुना करा. आणि जिथे कधीच फवारलं नाही अशा कोपऱ्यातली माती घ्याच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी १५ सेंटीमीटरपर्यंतची माती स्टीलच्या खुरप्याने काढा, कमी फवारलेल्या वाफ्यापासून सुरुवात, दर वाफ्यानंतर खुरपं धुवायचं. स्टीलच्या घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत तेच. मी पहिल्यांदा खताच्या रिकाम्या पिशवीत भरून नेली आणि लॅबवाल्याने तोंडावर परत दिली, बरोबरच होतं त्याचं! काचेची स्वच्छ बाटली घ्या, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावा.

कार्डाच्या मातीसारखी वाळवत बसू नका, काही औषधं उडून जातात. नव्या थर्माकोलच्या बॉक्सात बर्फ घालून न्या, मासळीचा जुना बॉक्स नको.

रिपोर्ट आल्यावर एफएसएसएआयचे एमआरएल (औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा) लावू नका, ते खाण्याच्या मालाचे, मातीचे नव्हेत. डीडीटीसारखं जुनं ऑर्गॅनोक्लोरिन औषध निघालं तर त्या वाफ्यात काकडी, भोपळा लावू नका, ही वेलवर्गीय पिकं ते मुळातून वर ओढतात.

आणि शुक्रवारी कुरियर करू नका, शनिवार-रविवार बॉक्स पडून राहतो आणि बर्फाचं पाणी होतं.