पांढऱ्या छटांच्या पानांची आफ्रिकन व्हायोलेट

व्हेरिगेटेड, म्हणजे पानांवर पांढऱ्या किंवा इतर रंगांच्या छटा असलेल्या, आफ्रिकन व्हायोलेटचा संग्रह सुरू करताना फुलांआधी पानांकडे पाहावे. ‘टॉमी लू’ प्रकारात पांढरा रंग प्रामुख्याने पानाच्या कडेला असतो, ‘लिलियन जॅरेट’मध्ये तो पानभर विखुरतो, तर ‘क्राउन’ प्रकारात मधली कोवळी पाने पिवळसर किंवा गुलाबी निघून जून होताना हिरवी होतात.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसल्याने ही रोपे सावकाश वाढतात. पूर्वेच्या खिडकीतला सौम्य उजेड किंवा दिव्याखालचे 10 ते 12 तास त्यांना पुरतात. तापमान 18 ते 24 अंश सेल्सिअस ठेवावे; उष्मा वाढला की नवी पाने हिरवी येऊ लागतात आणि आपण फसवले गेलो असे उगाच वाटते, पण गारवा परतला व खतातील नत्र कमी केले की पांढरा रंग बहुधा पुन्हा दिसतो. पाणी कोमटच घालावे, कारण गार पाण्याने पानांवर डाग पडतात.

नवे रोप पानापासून करायचे असल्यास भरपूर हिरवा भाग असलेले पान निवडून त्याचा देठ तिरका कापावा आणि ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचावा. देठाशी फुटणारी पिल्ले, म्हणजे छोटी रोपे, पूर्ण पांढरी निघाली तर घाई करू नये. त्यांच्यात हिरवा रंग येईपर्यंत ती मातृपानालाच जोडलेली ठेवावीत, अन्यथा ती उपाशी मरतात. प्रत्येक कुंडीत जातीच्या नावाची पट्टी खोचावी, कारण हिरव्या पडलेल्या दोन जाती नंतर ओळखू येत नाहीत.