नाणेनिधी अभ्यासायचाय? आधी पत्र वाचा

एम.ए.च्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी ठणकावून सांगितलं, "१९९१ साली जागतिक बँकेने आपल्याला रुपयाचं अवमूल्यन करायला लावलं." मॅडमनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले. बँकेने की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने (आयएमएफने)? आणि पत्र कोणी कोणाला लिहिलं? माझी दांडी दोन्हीकडे गुल.

पत्र म्हणजे लेटर ऑफ इंटेंट. गंमत अशी की कागदावर नाणेनिधी अटी घालत नाही. कर्ज मागणारा देशच 'आम्ही अमुक करू' असं लिहून देतो. मसुद्यावर घासाघीस मात्र आधीच झालेली असते. तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंगांचं नाणेनिधीला पत्र ऑगस्ट १९९१चं. अवमूल्यन झालं १ आणि ३ जुलैला, सुमारे ४७ टन सोनं जुलैतच गहाण पडलं. वित्तीय तूट जीडीपीच्या ६.५ टक्क्यांवर आणण्याचा वायदा २४ जुलैच्या अर्थसंकल्पात आहे आणि पत्रातही. आता सांगा, कोणी कोणाला करायला लावलं? दिल्लीतल्या काहींना हे बदल आधीपासून हवेच होते, नाणेनिधीच्या आडून ते रेटणं सोपं गेलं, असं माझं मत. मॅडमना ते अजून पटलेलं नाही.

म्हणून नव्यांना सांगतो, नवउदारमतवादावरचे (बाजाराला मोकळीक, सरकारचा हात आखडता, या विचारावरचे) जाडजूड ग्रंथ दुसऱ्या सत्रात काढा. आधी तारखा लावा आणि नाणेनिधीतल्या देशांच्या मतांचा तक्ता पाहा. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, एकट्या अमेरिकेकडे सोळाहून अधिक टक्के आहेत. अशा निर्णयांत तिच्या मनाविरुद्ध पान हलत नाही. नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर भारताचा संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेच्या वतीनेही बसतो. २०२३ साली श्रीलंकेचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं, तेव्हा मंडळावर तिची बाजू भारतीय खुर्चीकडे होती. हे मला प्रबंध अर्धा झाल्यावर कळलं!

जागतिक बँकच घ्यायची असेल तर लांब जाऊ नका, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात बुडालेलं नंदुरबारचं मणिबेली गाव आहे. सरदार सरोवरासाठी १९८५ साली बँकेचे ४५ कोटी डॉलर मंजूर झाले, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२च्या अहवालाने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. मार्च १९९३मध्ये उरलेलं कर्ज नको असं कळवलं ते भारत सरकारने, बँकेने नव्हे. अहवाल जाड आहे. पुनर्वसनाचा भाग आधी घ्या, धरणाचं तंत्र मागाहून.