मारुती ८००चं हेड उतरवायचंय? आधी पाणी बघा

मे महिन्यातली दुपार, परभणी-जिंतूर रस्ता, आणि माझ्या १९९४च्या मारुती ८००चा काटा लाल रेघेवर. बॉनेट उघडून ऑइलची टोपी काढली, तर खाली ताक घुसळल्यासारखा फेस. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं होतं. हेड उतरवल्यावर खरं दुखणं दिसलं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पाण्याच्या वाटा निम्म्याहून जास्त बुजलेल्या, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवरच नाही. "आपल्या उन्हाळ्यात तो काय कामाचा," म्हणून एका गॅरेजवाल्याने कधीतरी काढून टाकलेला. थर्मोस्टॅट काढला म्हणून बुजलेला रेडिएटर काही उघडत नाही. गाडी फक्त सकाळी तापायला वेळ घेते आणि पेट्रोल जास्त पिते.

हे सगळं कार्बोरेटरच्या, ६ व्हॉल्व्हच्या ७९६ सीसी इंजिनाबद्दल आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून इंजिन उकळलं की वाकतं ते हेडच.

काम काढायच्या आठवडाभर आधी किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा. थोडंसं पाण्यात विरघळवून रेडिएटरमध्ये घाला, इंजिन अर्धा तास चालवा, गार झाल्यावर सोडून द्या. साधं पाणी भरून पुन्हा सोडा. गढूळ यायचं थांबेपर्यंत हेच करत राहा. (इंजिन आधीच उकळलं असेल, ऑइलमध्ये पाणी उतरलं असेल, तर ते चालवूच नका. ही धुलाई हेड उतरल्यावर रेडिएटर वेगळा काढून करा.)

आता उतरवणं. इंजिन रात्रभर गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रत्येक नळी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या आणि नळीला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावा. कार्बोरेटरच्या बारीक व्हॅक्यूम नळ्या संध्याकाळी सगळ्या सारख्याच दिसतात. एक नंबरचा पिस्टन वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, डिस्ट्रिब्युटरची जागा खडूने आखा, मगच टायमिंग बेल्ट (खालच्या क्रँकच्या दांड्यावरून वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा पट्टा) सैल करा. बेल्ट निघाल्यावर क्रँक फिरवायचा नाही. हेडचे बोल्ट बाहेरून आत, प्रत्येकी पाव-अर्धा फेरा, असे सैल करत या. हेड चिकटलं तर फटीत पेचकस घुसवू नका. मॅनिफोल्डला (हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांना) धरून हळूहळू हलवा, सुटतं.

हेडचा खालचा पृष्ठभाग गॅस्केटच्या तुकड्यांपासून साफ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी धरा, उभी, आडवी, तिरपी. पट्टीखाली ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायचं पातळ पान) सरकलं तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, लागणार. संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्यात सरफेस ग्राइंडर सहज मिळतो. लेथवाल्या मामांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: आधी हेडची प्रेशर टेस्ट, आणि "जेवढं लागेल तेवढंच काढा". दोन व्हॉल्व्हच्या सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधल्या जागेत तडा असेल तर पुढचा खर्च वाया आहे, दुसरं हेडच शोधावं.

इथे सुधारणेचा मोह सुरू होतो. हेड जास्त घासून कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) वाढवायचा सल्ला हमखास मिळतो. हिशेब करून बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान साधारण २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ धरलं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा साडेचौतीस सीसी. अर्धा मिलिमीटर काढला की त्यातली जास्तीत जास्त १.८ सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९.१च्या आसपास पोहोचतं. ताकद वाढलेली जाणवेलच असं नाही, पण ४२ अंशांत जालन्याच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या गियरमध्ये इंजिन टकटक करायला लागलं तर नवल नाही. शिवाय कॅम क्रँकच्या जवळ येतो, त्यामुळे व्हॉल्व्हचं टायमिंगही किंचित मागे पडतं. नंतरच्या ऑल्टोचं १२ व्हॉल्व्हचं हेड सुचवणारेही भेटतील. मॅनिफोल्डपासून इंधनापर्यंत सगळंच बदलावं लागतं, त्यापेक्षा ते अख्खं इंजिन घेतलेलं परवडतं.

माझ्या मते पैसे तीनच ठिकाणी घालावेत. एक, नवे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) आणि ऑइल सील. दोन, सीट तीन कोनांत कापून घेणे: मधला ४५ अंश, वरखाली वेगळे कोन, म्हणजे हवा वळताना अडत नाही. तीन, मॅनिफोल्ड आणि पोर्ट (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा) यांची तोंडं जुळवणे. नवं मॅनिफोल्ड गॅस्केट दोन्हीकडे ठेवून मार्करने आखा आणि जिथे पायरी दिसते तेवढीच घासा. पोर्ट आरशासारखे चकाकवण्यात काही अर्थ नाही.

व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवले की हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओता. दहा मिनिटांत पोर्टमध्ये थेंबही उतरता कामा नये. उतरला तर पुन्हा घासा, हात दुखला तरी.

बसवताना ब्लॉकची बोल्टची भोकं हवेने साफ करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केट कोरडंच ठेवा, त्याला कुठलाही लेप नको. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने: आधी २, मग ४, शेवटी ५.५ ते ६ किलोग्रॅम-मीटर. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) नसेल तर मागून आणा, अंदाजावर आवळू नका. बेल्ट नवाच घाला, खुणा दोनदा तपासा. गार इंजिनावर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची, फट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर, म्हणजे ०.१५चं पान किंचित अडत सरकायला हवं.

थर्मोस्टॅट नवा आणा. पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते बघा, कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला हवा. रेडिएटरची टोपीही बदला, ती दाब धरते म्हणून पाणी शंभराला उकळत नाही. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा समज सोडा, ते गंजही रोखतं. ३० टक्के कूलंट, ७० टक्के डिस्टिल्ड पाणी. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय चावी फिरवू नका, जुन्यात पाणी मिसळलेलं असतं.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. हेड उतरलंच आहे तर इंधनाच्या नळ्या बदलून घ्या.

सुरू केल्यावर हीटर पूर्ण उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत रेडिएटर भरत राहा आणि पंखा आपोआप लागतो का ते उभं राहून बघा. माझा लागला नाही. स्विचची तार जोडायची राहिली होती, आणि फोटोत ती स्पष्ट दिसत होती.